बाजू निवडायला लावणारे युद्ध : मार्व्हलच्या 'सिव्हिल वॉर'ची चिकित्सा

२००६ सालच्या मे महिन्यात मार्व्हल कॉमिक्स या अमेरिकन प्रकाशनसंस्थेने 'सिव्हिल वॉर' या सात अंकी मालिकेचा पहिला अंक बाजारात आणला. त्याआधीपासून जाहिरातींतून वाचकाला एकच प्रश्न विचारला जात होता : तुम्ही कोणाच्या बाजूचे? एकीकडे आयर्न मॅन, दुसरीकडे कॅप्टन अमेरिका आणि मधे सरकारचा एक कायदा. प्रत्येक सुपरहिरोला यांपैकी एक बाजू घ्यावी लागेल आणि या युद्धानंतर मार्व्हलचे विश्व पूर्वीसारखे राहणार नाही, असे आश्वासन त्या प्रश्नाच्या पोटात होते. पहिल्याच महिन्यात दुकानांनी पहिल्या अंकाच्या अडीच लाखांहून अधिक प्रती उचलल्या. लाखभर प्रतींचा टप्पा गाठणारी कॉमिक्स त्या वर्षांत मोजकीच असत, हे लक्षात घेतले म्हणजे अपेक्षा केवढी होती याचा अंदाज येतो.

२००७ च्या फेब्रुवारीत मालिका संपली तेव्हा विक्रीचे आकडे उत्तम होते आणि वाचकांतील मोठा वर्ग चिडलेला होता. या चिडण्याची वासलात 'कॉमिक्सचे शौकीन नेहमीच कुरकुरतात' अशी लावता येईल. पण ते आम्हांस पटत नाही. 'सिव्हिल वॉर'चा प्रश्न खरा होता. मुखवटा घालून, स्वतःचे नाव लपवून, शस्त्रासारखे सामर्थ्य वापरणाऱ्या माणसाने समाजाला उत्तर द्यावे की नाही? २००१ च्या सप्टेंबरमधील हल्ल्यानंतर 'पेट्रिअट ॲक्ट' आणि २००२ पासून ग्वांतानामोचा तुरुंग पाहिलेल्या अमेरिकेत हा प्रश्न चित्रकथेपुरता उरला नव्हता. एवढा मोठा प्रश्न हाती घेऊन मालिकेने त्याचे काय केले, आणि तिच्या कथानकात जी भगदाडे पडली ती नेमकी कोठे पडली, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. ही भगदाडे निष्काळजीपणाने कोठेही पडलेली नाहीत, असे आमचे म्हणणे आहे. जेथे जेथे प्रश्नाचे उत्तर द्यायची वेळ आली, तेथे तेथेच ती पडली.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. एका मालिकेतील पात्राने दुसऱ्या मालिकेत शिरणे, म्हणजे क्रॉसओव्हर, ही युक्ती अमेरिकन कॉमिक्सच्या बाल्यावस्थेतलीच आहे. १९४० साली 'मार्व्हल मिस्टरी कॉमिक्स'मध्ये बिल एव्हरेटचा सब-मरिनर आणि कार्ल बर्गोसचा ह्यूमन टॉर्च हे पाणी आणि आग एकमेकांस भिडले, तेव्हा दोन लेखक-चित्रकारांनी निर्मिलेली दोन जगे एकच असल्याचे वाचकाला प्रथम कळले. १९६१ पासून स्टॅन ली, जॅक कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच कल्पना पद्धतशीरपणे वाढवली. फॅन्टॅस्टिक फोर, स्पायडरमॅन, डेअरडेव्हिल हे सगळे एकाच न्यू यॉर्कमध्ये राहणारे, एकमेकांच्या रस्त्यांत येणारे झाले. एका अंकात घडलेले दुसऱ्या अंकात लक्षात ठेवले जाऊ लागले. वाचकाच्या निष्ठेचा पाया हाच होता : येथे जे घडते ते घडून राहते.

अर्थात एवढ्या पसाऱ्यात चुका होणारच. स्टॅन लीने त्यावर एक खेळकर तोड काढली. पत्र लिहून चूक दाखवणाऱ्या, आणि पुढे पुढे ती चूक नसून तिला असे असे कारण असले पाहिजे हे चतुराईने पटवून देणाऱ्या वाचकाला 'नो-प्राइझ' नावाचे बक्षीस मिळे. बक्षीस म्हणजे एक छापील पाकीट, आणि आत काहीच नाही. आम्हांस हा विनोद महत्त्वाचा वाटतो. कथेतील भोक बुजवण्याचे काम वाचकाकडे सोपवले गेले, वाचकाने ते आनंदाने पत्करले आणि मोबदल्यात त्याला रिकामे पाकीट मिळाले. १९६० च्या दशकात हा खेळ दोन्ही बाजूंना परवडत होता, कारण भोके लहान होती. कोणाच्या पोशाखाचा रंग चुकला, कोणाचे नाव बदलले, एवढ्यावर ते भागत असे.

१९८४ साली भोकांचा आकार बदलला. मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीला मार्व्हलच्या पात्रांची खेळणी काढायची होती आणि त्यांच्या जोडीला एक मोठी कथा हवी होती. मार्व्हलचे तत्कालीन मुख्य संपादक जिम शूटर यांनी ती बारा अंकांत लिहिली. मुलांना 'सीक्रेट' आणि 'वॉर्स' हे दोन शब्द आवडतात असे मॅटेलला आढळले होते, म्हणून तिचे नाव 'सीक्रेट वॉर्स' पडले, असे शूटर यांनीच पुढे सांगितले. कथेत सगळे नायक आणि खलनायक एका दूरच्या ग्रहावर उचलून नेले जातात. पण बाकीच्या मालिका महिनाभरही थांबवणे शक्य नव्हते. म्हणून त्या मालिकांत नायक एका अंकाच्या शेवटी नाहीसे झाले आणि पुढच्याच अंकात परतले, बदलून. स्पायडरमॅन मे १९८४ च्या अंकात काळा पोशाख घालून आला. तो पोशाख त्याला कोठे आणि कसा मिळाला हे 'सीक्रेट वॉर्स'च्या डिसेंबरच्या अंकात कळले. कार्य आधी, कारण सात महिन्यांनी. वाचकांनी ते कोडे म्हणून मजेत घेतले. पण एक पायंडा पडला. मुख्य घटना एकीकडे घडेल, तिचे परिणाम दुसरीकडे आधीच छापले जातील, आणि दोन्ही एकमेकांशी जुळवण्याची जबाबदारी संपादकाच्या तक्त्यावर राहील.

प्रतिस्पर्धी डीसी कॉमिक्सने १९८५-८६ मध्ये 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' ही मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांची बारा अंकी मालिका काढली. तिचा हेतू उलट, म्हणजे विसंगती संपवण्याचा होता. पन्नास वर्षांत साचलेल्या अनेक समांतर पृथ्व्या मोडून एकच पृथ्वी, एकच इतिहास उरवायचा, अशी ती योजना. सुपरगर्ल आणि बॅरी ॲलन हा फ्लॅश यांचे मृत्यू तिने गांभीर्याने दाखवले, आणि मालिका म्हणून ती आजही वाचनीय आहे. पण तिच्यानंतर वंडर वुमनची कथा नव्याने सुरू करण्यात आली आणि ती आपल्या जगात पहिल्यांदाच आली असे ठरले. मग १९६० साली जिच्या स्थापनेत ती होती, त्या जस्टिस लीगचे काय? तिच्या जागी ब्लॅक कॅनरीला मागाहून बसवावे लागले. असे सांधे इतके झाले की १९९४ साली 'झीरो अवर' नावाची आणखी एक महाघटना काळाचा गुंता सोडवण्यासाठी काढावी लागली. एक क्रॉसओव्हर मागच्या क्रॉसओव्हरने केलेल्या छिद्रांवरचे ठिगळ होऊ लागला.

यामागे व्यापाराचे एक साधे गणितही होते. १९७० च्या दशकापासून अमेरिकेत कॉमिक्स वृत्तपत्रांच्या स्टॉलांवरून हळूहळू खास दुकानांत गेली. या दुकानांना माल सवलतीत मिळे, पण न खपलेला माल परत करता येत नसे. दुकानदार सूचिपत्र पाहून दोन-तीन महिने आधी मागणी नोंदवी. म्हणजे प्रकाशकाचा पहिला ग्राहक दुकानदार, आणि त्याने अंक न वाचताच विकत घ्यायचा. अशा बाजारात कथेपेक्षा कथेची घोषणा अधिक विकली जाते, यात नवल नाही. शिवाय मोठ्या घटनेशी जोडलेल्या प्रत्येक लहान मालिकेचा खप तेवढ्यापुरता वाढतो, त्यामुळे मुख्य सात अंकांच्या भोवती जोडअंकांचे जाळे विणले जाते. 'सिव्हिल वॉर'च्या बाबतीत हे जाळे शंभराच्या आसपास अंकांचे होते.

आता मूळ कथेकडे वळू. लेखक मार्क मिलर हा स्कॉटलंडचा, चित्रकार स्टीव्ह मॅकनिव्हन कॅनडाचा. न्यू वॉरियर्स नावाचे तरुण सुपरहिरोंचे एक टोळके दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमासाठी चित्रीकरण करीत कनेक्टिकटमधील स्टॅमफर्ड येथे काही फरारी गुन्हेगारांवर धाड घालते. त्यांपैकी नायट्रो हा स्वतःचा स्फोट घडवू शकणारा गुन्हेगार एका शाळेजवळ स्फोट करतो आणि सहाशेहून अधिक माणसे मरतात. त्यांत शाळेतली मुलेही असतात. मृत मुलांपैकी एकाची आई, मिरियम शार्प, अंत्यविधीच्या वेळी टोनी स्टार्कच्या, म्हणजे आयर्न मॅनच्या, तोंडावर थुंकते. हा प्रसंग मॅकनिव्हनने अतिशय संयमाने रेखाटला आहे. येथपर्यंत मालिका आपल्या प्रश्नाला शोभेल अशी उभी आहे, हे मान्य केलेच पाहिजे. लोकक्षोभातून सुपरहिरोंच्या नोंदणीचा कायदा पुढे येतो. स्टार्क त्याच्या बाजूने, कॅप्टन अमेरिका त्याच्या विरोधात.

पहिले आणि सर्वांत मोठे भगदाड येथेच आहे. हा कायदा काय सांगतो? मुख्य मालिकेच्या काही पानांवर तो पोलीसखात्याच्या नियमांसारखा भासतो : ज्यांना सुपरहिरो म्हणून काम करायचे आहे त्यांनी नाव नोंदवावे, प्रशिक्षण घ्यावे, पगार घ्यावा. जोडअंकांत तो दुसराच होतो. 'न्यू ॲव्हेंजर्स'मध्ये ल्यूक केज हा कृष्णवर्णीय नायक नोंदणीला नकार देऊन स्वतःच्या घरी बसलेला असतो. कायदा लागू होण्याची मध्यरात्र उलटते आणि सशस्त्र पथक त्याच्या दारात येऊन थडकते. म्हणजे काम करणे न करणे गौण. शक्ती असणे हाच नोंदणीचा विषय. हे दोन कायदे सर्वस्वी भिन्न आहेत. पहिल्याला विरोध करणारा कॅप्टन हटवादी ठरतो, दुसऱ्याला पाठिंबा देणारा स्टार्क जुलमी ठरतो. बाजू निवडा असे वाचकाला सांगणाऱ्या मालिकेने ज्यावरून बाजू निवडायची त्याचा मसुदाच निश्चित केला नव्हता. प्रत्येक लेखकाने आपल्या अंकापुरता आपला कायदा लिहिला. हे वाचून वाद घालणारे वाचक वस्तुतः दोन वेगळ्या पुस्तकांवरून भांडत होते.

दुसरी विसंगती पहिल्याच अंकातली आहे. शील्ड या सरकारी संस्थेची प्रमुख मारिया हिल कॅप्टन अमेरिकाला सांगते, की कायदा न मानणाऱ्यांना पकडण्याचे काम तू कर. तो नकार देतो आणि ती त्याच्यावर शस्त्रधारी जवान सोडते. त्या क्षणी कायदा अजून संमतही झालेला नसतो. न झालेल्या कायद्याच्या न झालेल्या भंगासाठी अटक होऊ पाहते. कथेला नाट्यमय सुटका हवी होती, ती मिळाली; पण कॅप्टनने बंड का केले या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे बिघडले. त्याला कायदा अन्यायाचा वाटला म्हणून, की त्याच्यावर गोळ्या झाडल्या म्हणून? पुढील सहा अंकांत त्याला आपली भूमिका सलगपणे मांडायला जेमतेम एखादे पान मिळते. ती भूमिका आपल्याला इतर मालिकांतून वेचावी लागते.

तिसरी गोष्ट स्टॅमफर्डच्या अपराध्याची. नायट्रोला पकडायला वुल्व्हरीन निघतो, त्याच्या स्वतःच्या मालिकेत. मार्क गुगेनहाइमने लिहिलेल्या त्या अंकांत असे उघड होते, की नायट्रोचे सामर्थ्य वाढवणारे द्रव्य त्याला डॅमेज कंट्रोल या, मोडतोडीनंतर शहर दुरुस्त करण्याची कंत्राटे घेणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाने पुरवले होते. जितका विध्वंस अधिक तितका धंदा अधिक. या एका गोष्टीने सगळ्या वादाची जमीनच सरकते. दोष अप्रशिक्षित तरुणांचा आहे या गृहीतावर कायदा उभा होता, आणि येथे तर दोष नफेखोराचा निघाला. युद्धोत्तर पुनर्बांधणीच्या कंत्राटांवरून वादंग माजलेल्या २००६ च्या अमेरिकेत हा धागा किती धारदार ठरला असता! मुख्य मालिका त्याचा उच्चारही करीत नाही. शेवटच्या अंकात स्टार्क मिरियम शार्पला सगळे काही ठीक होणार असल्याचा दिलासा देतो. तिचे मूल कोणाच्या ताळेबंदासाठी मेले हे तिला त्या पानांवर कोणी सांगत नाही.

चौथे उदाहरण रीड रिचर्ड्सचे. फॅन्टॅस्टिक फोरचा हा शास्त्रज्ञ स्टार्कच्या बाजूला का जातो? जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्कीने लिहिलेल्या एका अंकात कारण मिळते ते त्याच्या काकाचे : मॅकार्थीच्या काळात काका चौकशी समितीपुढे वाकला नाही आणि उद्ध्वस्त झाला, म्हणून कायदा पाळलाच पाहिजे हा रीडचा धडा. थोड्याच महिन्यांनी ड्वेन मॅकडफीने लिहिलेल्या अंकात कारण बदलते : आयझॅक असिमॉव्हच्या 'फाउंडेशन'वरून स्फूर्ती घेऊन रीडने समाजाच्या भविष्याचे गणित मांडले आहे आणि नोंदणी झाली नाही तर जग बुडते असे ते गणित सांगते. दुसरे कारण पहिल्याहून सरस आहे. मॅकडफीने एक मोडलेले पात्र सांधण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, असेच आम्ही म्हणू. पण सर्वांत विलक्षण बाब निराळी. १९८९-९० च्या सुमारास वॉल्टर सायमनसनच्या कथेत याच रीड रिचर्ड्सने अमेरिकन काँग्रेसपुढे उभे राहून अशाच नोंदणीच्या कायद्याला विरोध केला होता. माणसाचे मत सोळा वर्षांत बदलू शकते. ते कसे बदलले ही तर उत्तम कथा झाली असती. येथे मात्र ते पूर्वी निराळे होते याचीच आठवण मालिकेला नाही. ज्या विश्वाची प्रतिष्ठा 'घडते ते घडून राहते' या वचनावर उभी होती, त्यानेच ते वचन मोडले.

चौथा अंक ऑगस्टमध्ये यायचा होता तो सप्टेंबरमध्ये आला. पुढचेही लांबत गेले आणि मालिका संपायला फेब्रुवारी उजाडला. मॅकनिव्हनऐवजी दुसरा चित्रकार न घेता थांबण्याचा निर्णय संपादकांनी घेतला, आणि ग्रंथरूपाच्या दृष्टीने तो योग्यच होता. परंतु मधल्या महिन्यांत दुकानदारांच्या हिशेबाची जी ओढाताण झाली ती झालीच. आणि उशिराने येणाऱ्या त्या चौथ्या अंकात होते काय? स्टार्क आणि रीड यांनी थॉर या देवाच्या केसापासून बनवलेली त्याची प्रतिकृती रणात उतरते आणि बिल फॉस्टर ऊर्फ गोलायथ याला ठार करते. फॉस्टर हा १९६० च्या दशकातला जुना कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ. युद्धातला पहिला ठळक बळी म्हणून नेमका तोच निवडला गेला, याकडे अनेक वाचकांनी बोट दाखवले. आमचा प्रश्न आणखी एक आहे. बेजबाबदार सामर्थ्याने माणसे मारली म्हणून कायदा आला. कायद्याच्या पाठीराख्यांनी बेजबाबदारपणे एक यंत्रमानव बनवला आणि त्याने माणूस मारला. मग चौकशी कोणाची झाली? कोणाचीच नाही. प्रश्न स्वतःहून दारात येऊन उभा राहिला होता. मालिकेने प्रचंड देहाच्या दफनाचे एक प्रेक्षणीय चित्र काढून त्याची बोळवण केली.

आणि शेवट. अंतिम लढाई न्यू यॉर्कच्या रस्त्यांवर पसरते. कॅप्टन स्टार्कवर शेवटचा घाव घालणार, इतक्यात अग्निशामक दलाचे लोक, पोलीस, रुग्णसेवक अशी साधी माणसे त्याच्यावर झेप घेतात. तो सभोवतालचा विध्वंस पाहतो, रडतो आणि शरण जातो. दृश्य म्हणून हे प्रभावी आहे, यात शंका नाही. पण त्यात उत्तर कोठे आहे? विध्वंस दोन्ही पक्षांनी केला होता. खटल्याविना डांबणारा परलोकातला तुरुंग, स्पायडरमॅनवर सोडलेले खुनशी गुन्हेगार, आज्ञा देऊन करवलेली भरती, यांतल्या एकाही आक्षेपाचे निरसन झालेले नाही. वादात एक पक्ष अश्रू ढाळून बसला म्हणून दुसरा जिंकला, एवढाच निकाल. 'फ्रंट लाइन' या जोडमालिकेच्या अखेरच्या अंकात तर सॅली फ्लॉइड ही पत्रकार बंदिवान कॅप्टनला विचारते, की तुला 'मायस्पेस' म्हणजे काय हे तरी ठाऊक आहे का? ज्याला हे ठाऊक नाही त्याला अमेरिका कळली नाही, असा तिचा युक्तिवाद. आज मायस्पेसच विस्मृतीत गेल्यावर त्या पानाचा जो रंग उतरला आहे तो निराळाच. त्याच अंकात ती आणि तिचा सहकारी बेन यूरिक यांना कळते, की अटलांटिसशी युद्धाचा प्रसंग ओढवणाऱ्या हल्ल्यामागे स्टार्कचाच हात होता. दोघे ते छापत नाहीत, कारण देशाचे हित त्यात नाही. उत्तरदायित्वाविषयीच्या कथेचा शेवट सत्य दडपण्यात होतो आणि कथेला त्यात विसंगत काही वाटत नाही.

यानंतर जे घडले त्याने उरलेसुरले पुसले. दुसऱ्या अंकात, जून २००६ मध्ये, स्पायडरमॅनने पत्रकारांपुढे मुखवटा उतरवून आपले नाव पीटर पार्कर असल्याचे सांगितले होते. जगभरच्या वृत्तपत्रांनी ती बातमी केली. २००७ च्या अखेरीस 'वन मोअर डे'मध्ये मेफिस्टो या सैतानाशी सौदा झाला. पीटरचे १९८७ पासूनचे लग्न इतिहासातून नाहीसे झाले आणि त्याची ओळखही सर्वांच्या मनातून पुसली गेली. कॅप्टन अमेरिका मार्च २००७ मध्ये मारला गेला, तीही बातमी झाली; २००९-१० मध्ये तो परत आला. २०१० साली 'सीज' या पुढच्या क्रॉसओव्हरनंतर नोंदणीचा कायदाच रद्द झाला. आणि टोनी स्टार्क? मॅट फ्रॅक्शनच्या कथेत त्याने आपल्या मेंदूतील सारी माहिती पुसून टाकली आणि नंतर ती जुन्या साठ्यातून परत भरली. तो साठा 'सिव्हिल वॉर'च्या आधीचा होता. म्हणजे ज्याने युद्ध लढवले, तुरुंग बांधला, थॉर बनवला, त्याला ते आठवतच नाही. एवढी चोख माफी कोणत्याही न्यायालयाने कोणाला दिली नसेल. फ्रॅक्शनने त्यातूनही बरीच चांगली कथा काढली, पण 'पूर्वीसारखे काही राहणार नाही' या आश्वासनाची अवघ्या चार वर्षांत अशी वासलात लागली.

येथे असे म्हटले जाईल, की अनेक हातांनी वर्षानुवर्षे रचलेल्या कथेत असे होणारच. हे आम्हांस मान्य नाही, आणि मराठी वाचकाला याचे प्रत्यंतर दूर शोधावे लागत नाही. भाऊबंदकीचे युद्ध सांगणारे आणि असंख्य हातांतून गेलेले एक काव्य आपल्याकडे आहे. त्याच्या पाठभेदांचा आणि प्रक्षेपांचा निवाडा करण्यासाठी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराला १९१९ पासून १९६६ पर्यंत चिकित्सक आवृत्तीचे काम करावे लागले. महाभारतात विसंगती थोड्या नाहीत. पण त्यातला परिणाम कोणी पुसला नाही. युधिष्ठिराने द्रोणांशी अर्धसत्य बोलताच जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकतो, आणि तेवढ्यासाठी अगदी शेवटी, स्वर्गारोहणपर्वातही, त्याला नरकाचे दर्शन घ्यावे लागते. युद्धानंतर स्त्रीपर्व येते, विलाप येतो, मग शांतिपर्वातले ते प्रदीर्घ प्रश्न येतात. हात अनेक असले तरी प्रत्येक हाताला एक भान होते : झालेले न झालेले करता येणार नाही. एका मुलाच्या अंत्यविधीपासून सुरू झालेल्या 'सिव्हिल वॉर'ला नेमके हे स्त्रीपर्व लिहिता आले नाही.

फरक हातांच्या संख्येत नसून मालकीत आहे. कॅप्टन, स्टार्क आणि पीटर ही कंपनीची मालमत्ता. ती झिजता कामा नये. आपल्याकडे १९६४ पासून 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून मराठीत आलेल्या वेताळापुढे हा पेच नव्हता. ली फॉकने १९३६ साली निर्मिलेला तो नायक एकविसावा. आधीचे वीस मेले आणि त्याच कवटीच्या आकाराच्या गुहेत पुरले गेले. मुखवटा अमर, माणूस मर्त्य, अशी वाटणी त्याने आरंभीच करून ठेवली. मार्व्हलला मात्र माणूसही टिकवायचा असतो आणि त्याचे मरणही विकायचे असते. एकाच वेळी मोठ्या परिणामाची जाहिरात आणि परिणाम न होण्याची हमी, या दोहोंत कथेची जी ओढाताण होते, तिच्या फाटण्याला आपण 'कथानकातील भोक' म्हणतो.

२०१६ साली 'कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर' हा चित्रपट आला. त्याने निदान कराराचा एक जाडजूड दस्तऐवज टेबलावर ठेवला, त्यावर ११७ देशांची संमती असल्याचे सांगितले, आणि मग वाद दोन मित्रांच्या खाजगी जखमेपर्यंत आणून आटोपशीर केला. त्याच वर्षी, चित्रपटाच्या गाजावाज्याचा लाभ उठवत, 'सिव्हिल वॉर २' ही मालिका निघाली. सात अंकांची जाहीर झालेली ती आठ अंकांवर गेली आणि वेळापत्रक पुन्हा कोलमडले. दुकानदारांनी तीही आगाऊ मागवली होती.

स्टॅन लीच्या वाचकाला रिकामे पाकीट मिळे तेव्हा तो हसे, कारण भोक बुजवण्यात त्याचा स्वतःचा आनंद होता आणि पाकिटाबाहेरची कथा भरलेली होती. 'सिव्हिल वॉर'ने वाचकाकडून त्याहून मोठे काम मागितले : कायदा तूच लिही, कॅप्टनची बाजू तूच मांड, स्टार्कचा न्याय तूच कर. वाचकांनी ते सगळे केले. रात्र रात्र वाद घातले. २००६-०७ मधले सर्वांत उत्तम 'सिव्हिल वॉर' त्या वादांतच लिहिले गेले, असे आम्हांस वाटते. त्याचे मानधन मात्र कोणालाही मिळाले नाही, आणि स्टॅमफर्डच्या मुलांना कोणी मारले हे मिरियम शार्पला अजूनही सांगायचे राहिलेच आहे.